भुट्ट्याची वही

निहार बंगळूरला गेला तेव्हा
लोकमान्य नगरच्या या घरात ठेवून गेला
एक काचेची पेटी,
पेटीत दीड किलोचा अजगर, परदेशी, कागदपत्रांसकट,
आणि एक दोनशेपानी वही.
अंगावरची नक्षी भाजलेल्या कणसासारखी,
म्हणून नाव भुट्टा. इंदूरचं पोरगं, दुसरं काय सुचणार.

वहीत लिहिलंय:
पंधरा दिवसांनी एक उंदीर.
कोमट पाण्यात ठेव. उकळू नको आई, भाजी नाहीये ती.
चिमट्याने दे. हाताने कधीच नाही.
शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.

फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीमागे
उंदीर निजलेले असतात, डब्यात.
मी काही फार सोवळ्यातली नव्हे,
तरी पहिला महिनाभर मटार खाल्ले नाहीत.

सरमंडल काकू म्हणाल्या, पंधरा दिवस उपाशी?
अगं चिडेल तो, रोज घाल काहीतरी.
वरचे जगदाळे म्हणाले, मांसाने जनावर तापट होतं,
दूध-पोळीची सवय लावा.
नागपंचमीला काकूंकडून वाटीभर दूध आलंच.
मी त्याचा चहा केला.

तीन महिने नेमाने वागले.
झाकण उघडलं की उंदीर.
पाणी बदलायचं तेही त्याच दिवशी, त्याच हाताने.
दुसऱ्या कशासाठी झाकण उघडावं
हे सुचलंच नाही.

मग एका मंगळवारी भांडं कलंडलेलं दिसलं
म्हणून हात आत घातला,
आणि तो आला.

फार दुखलं नाही.
मनगटावर शिवणयंत्राच्या टाक्यांसारखी ठिपक्यांची ओळ.
त्यानेही लगेच सोडलं
आणि फुटक्या कुंडीखाली जाऊन बसला,
चुकून दुसऱ्याच्या चपला घालून आल्यासारखा.

फोनवर निहार म्हणाला,
रागावला नाही गं तो. त्याला वाटलं, जेवण आलं.
तू जेवण घेऊनच जातेस ना नेहमी.

हळद लावली. झोप लागली नाही.

छत्तीस वर्षं मी यांच्या खोलीत
काहीतरी घेऊनच गेले.
चहा. ताट. गरम पाण्याची पिशवी. पुढे गोळ्या.
दार किलकिलं झालं की ते बघायचे
आधी हाताकडे.
मल्हारगंजच्या पेढीवरून यायला दीड वाजायचा,
एक पस्तीसला ताट नसलं तर तांब्या भिंतीवर.
पोचे अजून आहेत तांब्याला, मी त्यात तुळशीचं पाणी ठेवते.
सासूबाई म्हणायच्या, भूक सोसत नाही त्याला,
पोट भरलं की देवमाणूस.
मीही तेच सांगत आले, निहारलासुद्धा.
रिकाम्या हाताने त्या खोलीत गेले ती एकदाच.
तेव्हा त्यांनी वर बघितलं नाही.

आता वहीत माझंही अक्षर आहे.
आधी झाऱ्याच्या दांड्याने पाठीला हलकंसं टेकवायचं,
म्हणजे त्याला कळतं: आज नुसतीच आले आहे.
जेवल्यावर दोन दिवस उचलायचं नाही,
घाबरला तर खाल्लेलं उलटतो.
मधल्या दुपारी काही न घेता जायचं. रोज.
सुरुवातीला मलाच अवघडल्यासारखं व्हायचं,
हात कुठे ठेवू कळेना.

थंडीत त्याने खाणं सोडलं.
एक उंदीर गेला, दुसरा गेला, सात आठवडे झाले.
मी दाराआडून बघायची, आज तांब्या उडणार.
काही उडालं नाही.
तो माझ्या मांडीवर सरकायचा, पदराच्या उबेत डोकं खुपसायचा,
उपाशी, आणि शांत.

म्हणजे भूक वेगळी
आणि ते वेगळं.
बासष्टाव्या वर्षी कळलं हे, एका मुक्या प्राण्याकडून,
आणि सांगायला घरात कोणी नव्हतं
म्हणून त्यालाच सांगितलं.

९ फेब्रुवारी. उंदीर दिला, घेतला नाही.
दोन तास मांडीवर. जीभ दोनदा बोटाला लागली.
काकू दारातूनच बघून गेल्या.
मटार संपले, आणायचे.